१८-५५ की ५०? ट्रिपला निघण्याआधीचा हिशोब

दिवाळीची सुट्टी संपवून, फराळाचे डबे रिकामे करून मंडळी हॉस्टेलवर स्थिरावली की ट्रिपची बोलणी सुरू होतात. ठिकाण ठरतं, बसचा भाव ठरतो, ऐन वेळी कोण टांग देणार हेही साधारण ठरलेलंच असतं. मग एका रात्री कुणीतरी रूमचं दार ढकलून आत येतो आणि विचारतो, "सीनियरकडून सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ आहे. अजून एक लेन्स घेण्यापुरते पैसे जमलेत. १८-२०० घेऊ की पन्नासची प्राइम?"

झालं. रात्री दोनपर्यंत खल चालतो. एक पार्टी म्हणते, खरा फोटोग्राफर प्राइमच वापरतो. दुसरी म्हणते, बस सुटायच्या वेळी लेन्स बदलत कोण बसणार? दोन्ही पार्ट्या छातीठोकपणे बोलतात आणि आकडे कुणीच मांडत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे शोभत नाही. मी या दोन्ही बाजूंनी एकेकदा तोंडघशी पडलो आहे, त्यामुळे जरा हिशोब मांडायचं ठरवलं. उदाहरणासाठी अजिंठा-वेरूळची ट्रिप घेऊ, कारण तिथे कॅमेऱ्याच्या सगळ्याच अडचणी दोन दिवसांत भेटतात.

आधी शब्द समजून घेऊ. ज्या लेन्सचं फोकल लेंथ एकच, बदलता येत नाही, ती प्राइम. ५० मिमी म्हणजे ५०, संपला विषय. ज्या लेन्सची रिंग फिरवून फोकल लेंथ बदलता येतं ती झूम. १८-५५ वर लिहिलेलं असतं एफ/३.५-५.६, आणि पन्नासच्या साध्या प्राइमवर एफ/१.८. हा एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले लेन्सच्या छिद्राचा व्यास. ५० ला १.८ ने भागा, जवळजवळ २८ मिमीचं छिद्र येतं. किट लेन्स ५५ वर नेली तर ५५ भागिले ५.६, म्हणजे १० मिमीच्या आत. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, त्यामुळे तुलना वर्गाची करायची. ५.६ चा वर्ग ३१.३६, १.८ चा वर्ग ३.२४, भागाकार साडेनऊच्या वर. म्हणजे त्याच वेळात प्राइम साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. प्राइमवाल्यांच्या भक्तीचं मूळ या एका भागाकारात आहे.

आता मी पहिल्यांदा कसा फसलो ते. एका सीनियरने सांगितलं होतं, "फक्त पन्नास घेऊन जा, रचना करायला शिकशील. जवळून हवं तर चार पावलं पुढे, लांबून हवं तर चार पावलं मागे." मी विश्वास ठेवला आणि वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिराच्या अंगणात, जाऊन उभा राहिलो. चार पावलं मागे गेलो तर पाठीला कातळ लागला. डोंगर वरून खाली खोदत आणून हे मंदिर काढलंय. मागे सरकायला तिथे डोंगरच आहे!

गणित करू. आपल्या नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३.६ मिमी रुंद असतो. ५० मिमी लेन्स लावली तर समोरचं जेवढं फोटोत हवं, त्याच्या २.१ पट मागे उभं राहावं लागतं. १८ मिमीला पाऊण पट पुरतं. कैलास मंदिराची उंची साधारण ३० मीटर. कॅमेरा उभा धरला तरी ५० ला ६४ मीटर मागे जायला हवं, १८ ला २३. अख्खं अंगण साधारण ४६ मीटर रुंद, आणि त्याच्या मधोमध देऊळ. १८ ला लागणारे २३ मीटरही सगळीकडून मिळत नाहीत, पण कोपरा धरून, कॅमेरा थोडा वर करून काम भागतं. ५० घेऊन मात्र मी हत्ती काढले, खांब काढले, कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प काढलं (ते खरंच छान आले), आणि घरी दाखवायला अख्ख्या देवळाचा एकही फोटो नव्हता. आई म्हणाली, "अरे, पण देऊळ कुठाय?"

ही भानगड वाढते ती छोट्या सेन्सरमुळे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी ही 'नॉर्मल' लेन्स मानली जायची. आपल्या डीएसएलआरचा सेन्सर लहान, त्यामुळे निकॉनवर दीड पट आणि कॅननवर १.६ पट धरायचे. म्हणजे तीच पन्नास आता ७५-८० सारखी वागते. चेहऱ्यांसाठी उत्तम, अंगणासाठी, गल्लीसाठी, बसच्या आतल्या दंग्यासाठी अडचणीची. छोट्या सेन्सरवर जुन्या पन्नासचं काम हवं असेल तर ३५ मिमी बघा. निकॉनने २००९ साली एफ/१.८ ची ३५ मिमी याच कॅमेऱ्यांसाठी काढली. वजन २०० ग्रॅम. माझं स्पष्ट मत : एकच प्राइम घेऊन हिंडायचं असेल तर पन्नासपेक्षा ही बरी.

"चार पावलं पुढे" या सल्ल्यात अजून एक खोट आहे. चालत जवळ जाणं आणि झूम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झूम केल्याने चित्राचा फक्त मधला तुकडा मोठा होतो. वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही. प्रमाण बदलतं ते आपण जागा बदलल्यावर. देवगिरीला चांद मिनार आणि मागचा किल्ल्याचा डोंगर एकत्र घ्यायचा आहे समजा. मिनाराच्या पायथ्याशी जाऊन १८ ने काढला तर मिनार राक्षसासारखा आणि डोंगर मागे टेकडीएवढा. लांब जाऊन १३५ किंवा २०० ने काढला तर डोंगर मिनाराच्या मागे छाती काढून उभा राहतो. मिनार दोन्ही फोटोंत तेवढाच, पण फोटो पूर्णपणे वेगळे. आधी जागा ठरवायची आणि मग त्या जागेवरून हवी तेवढी चौकट घ्यायची, ही सोय झूम देते. लांबचा प्रवास, उतरायला वेळ कमी, पुढे दरी किंवा कुंपण, अशा ठिकाणी तर दुसरा इलाजच नाही.

मग झूमच घ्यावी का? थांबा. दुसऱ्या दिवशी अजिंठा.

इथे चित्रं जपण्यासाठी फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आत दिवे मंद. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहिलात की डोळ्यांनाच सरावायला दोन मिनिटं लागतात. समजा आयएसओ १६०० वर किट लेन्स ५५ मिमीला, एफ/५.६ ला, शटर १/८ सेकंद दाखवतेय. हातात धरून न हलता फोटो काढण्याचा जुना ठोकताळा असा : फोकल लेंथला दीडने गुणा आणि १ ला त्याने भागा. ५५ ला साधारण १/८० हवं. १/८ ला फोटो हलणार म्हणजे हलणारच. तिथेच पन्नासची प्राइम एफ/१.८ ला लावली तर शटर १/८० च्या आसपास येतं, आणि ठोकताळ्यात बरोबर बसतं. प्राइमवाले इथे टाळ्या मागतात.

पण टाळ्या देण्याआधी एक शंका. आजकालच्या बहुतेक किट लेन्समध्ये हाताची थरथर आवरणारी यंत्रणा असते. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस. आतली एक काच थरथरीच्या उलट दिशेला सरकते, आणि कंपन्या तीन-चार स्टॉपचा फायदा सांगतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. १/८ ते १/८० हे अंतर सव्वातीन स्टॉपचं. म्हणजे श्वास रोखून, कोपर अंगाशी घेऊन, तीन-चार फोटो काढले तर किट लेन्सवरही एखादा नीट येतो. शिवाय १८ मिमीला किट लेन्स एफ/३.५ पर्यंत उघडते, तिथे शटर १/२० मिळतं आणि ठोकताळा फक्त १/२७ मागतो. पद्मपाणी दीड हजार वर्षं हललेला नाही. तुमच्या १/८ सेकंदात हलणार नाही.

सव्वीस नंबरच्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी तर प्राइमवाल्याची पुन्हा पंचाईत. मूर्ती सुमारे ७ मीटर लांब, समोर अरुंद पॅसेज आणि मधे खांब. पन्नासने अख्खी घ्यायला १५ मीटर मागे जावं लागेल. १८ लाही सरळ समोरून जमत नाही, पायांकडून किंवा डोक्याकडून तिरकंच उभं राहावं लागतं.

म्हणजे प्राइमची खरी गरज लेण्यात नाहीच. ती आहे हलणाऱ्या माणसांसाठी. व्हीआर तुमचा हात आवरतो, समोरच्याचा नाही. गॅदरिंगचं नाटक, हॉस्टेलच्या गणपतीची रात्रीची मिरवणूक, संध्याकाळच्या उजेडात चालणारे वारकरी, ढाब्यावर रोट्या थापणारा माणूस : इथे १/८ ला दगड स्थिर येतात आणि माणसं भुतासारखी. तिथे १/८० किंवा १/१२५ लागतंच, आणि ते देणारी स्वस्तातली एकच गोष्ट म्हणजे एफ/१.८ ची लेन्स. तुमच्या ट्रिपच्या फोटोंत दगड जास्त असतात की माणसं, हे आधी प्रामाणिकपणे ठरवा.

प्राइमने मला दुसऱ्यांदा फसवलं ते माणसांच्याच फोटोत. ट्रिपला आमच्या मेसचे मामा आले होते. त्या वर्षअखेर ते काम सोडून गावी जाणार होते. संध्याकाळी चहाच्या टपरीच्या पायऱ्यांवर तिघं बसले, मागे तिघं उभे, मामा मागच्या रांगेत मधोमध. "मामा, प्रिंट काढून देतो," मी म्हणालो. उजेड उतरला होता, मी ऐटीत एफ/१.८ लावलं, पुढच्याच्या डोळ्यावर फोकस केला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसत होता. परत आल्यावर लायब्ररीच्या पीसीवर उघडला तर पुढचे तिघं धारदार आणि मामांचा चेहरा पुसट.

नंतर गणित केलं. ५० मिमी, एफ/१.८, अंतर ४ मीटर : अशा वेळी पुढे-मागे मिळून जेमतेम ४५ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, त्यातला फोकसच्या मागे सुमारे २५. मागची रांग होती साठ-सत्तर सेंटिमीटरवर. एफ/५.६ ला हाच पट्टा १.४ मीटरच्या पुढे गेला असता. त्यासाठी आयएसओ वाढवून फोटो थोडा दाणेदार आला असता, तर काय बिघडलं असतं? शेवटी एकाच्या मोबाइलवर काढलेला फोटो प्रिंट करून मामांना दिला. त्यांना काही फरक पडला नाही. मला अजून पडतो. तर एफ/१.८ उघडता येतं म्हणून ते प्रत्येक वेळी उघडायचं नसतं, हे दोन रांगांचा फोटो काढताना लक्षात ठेवा. २ मीटरवर तर हा पट्टा ११-१२ सेंटिमीटरच उरतो. नाक स्पष्ट, कान गायब.

आता काचांबद्दल थोडं, कारण फिजिक्सवाले सर हा अंक वाचतात. पन्नासच्या साध्या प्राइममध्ये, कॅननची एफ/१.८ घ्या, ६ काचा ५ गटांत बसवलेल्या असतात. निकॉनच्या १८-२०० मध्ये १६ काचा, १२ गट. प्रत्येक गटाच्या दोन बाजू हवेला लागतात. लेप नसलेल्या काचेच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. १० पृष्ठभागांतून ६६ टक्के आरपार जाईल. २४ मधून जेमतेम ३७ टक्के. बाकीचा आतल्या आत उड्या मारतो आणि फोटो पांढुरका करतो. ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोइग्टलेंडरची ३६-८२ मिमी झूमार, १९५९ साली आली, पण झूम सर्रास वापरात यायला पुढे बराच काळ गेला. त्यात अनेक पदरी लेप आणि संगणकाने केलेलं डिझाइन या दोन गोष्टींचा मोठा वाटा. पृष्ठभागाचं परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं की २४ पृष्ठभागांतूनही ८८ टक्के प्रकाश पोचतो. म्हणून "झूम म्हणजे भिकार क्वालिटी" हे आजोबांच्या काळचं वाक्य आज जसंच्या तसं वापरू नका. कोपऱ्यात थोडी धार कमी, १८ ला सरळ खांब फुगलेले, २०० ला आत दबलेले, एवढं दिसतं. खांबांचं वाकणं सॉफ्टवेअरने बरंचसं सरळ होतं. नोटीस बोर्डावर लावायच्या प्रिंटमध्ये तर फरक शोधावा लागतो.

मोठ्या नावांचे दाखले दोन्ही बाजू देतात, तेही बघू. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीवर केलं. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता आणि गांधीजींचे अखेरच्या काळातले फोटो त्याने काढले. स्टीव्ह मॅकरीचा १९८४ सालचा अफगाण मुलीचा फोटो १०५ मिमी एफ/२.५ प्राइमवरचा. खरं आहे. पण त्यांना पाच वाजता बस पकडायची नव्हती आणि चाळीस जणांचे ग्रुप फोटोही काढायचे नव्हते.

धूळ आणि बुरशी हा मात्र आपल्याकडचा खास मुद्दा आणि तो सहसा कुणी काढत नाही. लेन्स जितक्या वेळा बदलाल तितकी धूळ सेन्सरवर. बदलायचीच तर कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, वाऱ्याकडे पाठ करा. गडावर वाऱ्यात तर बदलूच नका. पावसाळ्यात हॉस्टेलच्या कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये, ठेवलेली लेन्स ऑगस्टपर्यंत आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसायला लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढाच खर्च आहे. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. जाळं दिसलं तर फुकट दिली तरी नको.

घेण्याआधी अजून एक सापळा. निकॉनच्या डी४०, डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी एएफ ५० मिमी 'डी' लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. आमच्या विंगमध्ये एकाने स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि दोन दिवस "लेन्स बिघडलीय" म्हणून रडत होता. नावात 'एएफ-एस' आहे का बघा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, तिथे हा त्रास नाही. मिररलेस बॉडीवर या जुन्या लेन्स लावायच्या तर अॅडॅप्टरचा खर्च धरा. कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेसवर आहे, त्यामुळे डीएसएलआरचा माल सेकंडहँड बाजारात बराच येतो. आपल्या पथ्यावर.

आता काय घ्यायचं ते कसं ठरवायचं? दुकानदाराला विचारू नका, स्वतःच्या फोटोंना विचारा. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, शटर, आयएसओ लिहिलेलं असतं. मागच्या दोन-तीन ट्रिपचे फोटो एका फोल्डरमध्ये टाका, छोटा प्रोग्रॅम लिहून हे आकडे काढा, हिस्टोग्राम करा. प्रोग्रॅमिंगच्या मिनी प्रोजेक्टपेक्षा सोपं आहे. मी केला तेव्हा ढीग दोनच ठिकाणी होता : १८ वर आणि ५५ वर. मधलं जवळजवळ रिकामं. म्हणजे मी झूम ही झूम म्हणून वापरतच नव्हतो, रिंग या टोकाला नाहीतर त्या टोकाला. ५५ च्या ढिगातले फोटो पाहिले तर निम्मे अंधारातले, माणसांचे, हललेले. माझं उत्तर मिळालं : किट लेन्स राहू दे, जोडीला एफ/१.८ ची एक प्राइम. तुमच्याकडे ५५ च्या ढिगात पक्षी, कळस, पलीकडचे डोंगर असतील तर प्राइम काही कामाची नाही, सरळ १८-२०० किंवा तसली घ्या. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या वर, पन्नासची दीड-पावणेदोनशे. गड चढताना मान ते लक्षात आणून देते. आणि हिस्टोग्राम सगळीकडे पसरलेला असेल, पण आयएसओ कायम वरच्या टोकाला, तर टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ सेकंडहँड शोधा. सगळ्या फोकल लेंथला २.८, वजन साडेचारशेच्या आत. प्राइमइतकी उघडत नाही, पण किट लेन्सपेक्षा ५५ च्या टोकाला चौपट प्रकाश घेते. पैसे असते तर मी हीच घेतली असती.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. मोबाइलच्या पाठीवर जे दोन-तीन डोळे असतात ती बहुतेक फोनांत प्राइमच असतात, प्रत्येकाचा सेन्सर वेगळा. १ वरून ३ वर जाताना फोन लेन्स बदलतो, आणि मधल्या आकड्यांना फोटो कापून मोठा करतो. तेव्हा अंधारात मधले आकडे टाळा आणि मुख्य लेन्सवरच राहा. सहसा सगळ्यांत मोठा सेन्सर तिलाच दिलेला असतो.

यंदाच्या ट्रिपवाल्यांसाठी शेवटची माहिती. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलासला दुपारनंतर जा. सकाळी समोरचा भाग सावलीत असतो. अजिंठ्याला पलीकडच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूर नदीचं अख्खं वळण आणि लेण्यांची रांग दिसते, तिथे १८ च लागेल. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करणार असाल तर वार बघून आखणी करा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मागच्या बॅचने नेमका रविवार-सोमवार धरला होता.